साठ कार्बन अणू आणि दोन पुसट पट्टे: पार्श्वभूमी

ताऱ्याच्या वर्णपटात, म्हणजे रंगांनुसार पसरवलेल्या प्रकाशात, ताऱ्याची नसलेली रेघ असू शकते, हे १९०४ मध्ये लक्षात आलं. मृगाच्या बाणातल्या एका जोडताऱ्याच्या रेघा त्याच्या फेऱ्यांबरोबर मागेपुढे सरकत होत्या, पण कॅल्शियमची रेघ जागची हलत नव्हती. ती तारा आणि आपल्या वाटेतल्या वायूची होती. पुढे सोडियम सापडलं, १९३० मध्ये तारकागुच्छांच्या अंतरांवरून धुळीचा पुरावा मिळाला, मग साधे रेणूही दिसले.

खरा गुंता रुंद, पुसट कडांच्या पट्ट्यांचा. त्यांना ‘डिफ्यूज इंटरस्टेलर बँड्स’ म्हणतात. ते वाटेतल्या पदार्थाचेच आहेत, हे १९३४ पर्यंत स्पष्ट झालं. नावातला ‘डिफ्यूज’ हा शब्द या पुसट कडांबद्दल आहे. विरळ ढगांनाही तोच शब्द लावतात, म्हणून गल्लत होते. तारा धुळीमुळे जितका लालसर, तितका पट्टा साधारणपणे ठळक, त्यामुळे संशय बराच काळ धूळकणांवर राहिला. पण कणांचा आकार बदलला की पट्ट्याची जागा आणि रूपही बदलायला हवं होतं, आणि तसं दिसत नव्हतं. पुढे काही पट्ट्यांत बारीक रचना दिसली आणि पारडं मोठ्या कार्बनी रेणूंकडे झुकलं.

१९९४ मध्ये ९५७.७ आणि ९६३.२ नॅनोमीटरवर दोन पट्टे सापडले. ते साठ कार्बन अणूंच्या चेंडूसारख्या रेणूच्या धन आयनाचे (एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या रूपाचे) असावेत, असा दावा झाला. अडचण अशी की तोपर्यंतची प्रयोगशाळेतली मोजमापं गोठलेल्या निऑनमध्ये अडकवलेल्या आयनाची होती, आणि निऑनच्या सान्निध्यात पट्टा थोडा सरकतो. नेमकं किती सरकतो, हे ठरवता येत नव्हतं. शिवाय हा भाग पृथ्वीवरच्या पाण्याच्या वाफेच्या रेघांनी भरलेला आहे. त्या काढायला जवळच्या, न लालावलेल्या ताऱ्याच्या वर्णपटाने भागायचं, आणि हवेतली वाफ दोन निरीक्षणांमध्ये जराशी बदलली तरी भागाकारात खोट्या खाचा उरतात. दुसऱ्या पट्ट्यावर तर ताऱ्याची स्वतःची मॅग्नेशियमची रेघही येऊन बसते. त्यामुळे दोन्ही पट्ट्यांच्या तीव्रतेचं गुणोत्तर ताऱ्यागणिक वेगळं येई. एकाच आयनाचे पट्टे असतील तर ते साधारण सारखं यायला हवं होतं, आणि हाच आक्षेप सर्वांत चिवट ठरला.

२०१५ मध्ये हेलियमचा एक अणू चिकटवलेला, अतिथंड, मोकळा आयन प्रयोगशाळेत मोजला गेला आणि तरंगलांबी जुळली. माझ्या मते निर्णायक पाऊल हेच. तरी वाद चालूच राहिला, कारण याच आयनाचे अपेक्षित दुर्बळ पट्टे जमिनीवरून खात्रीने दिसत नव्हते. २०१९ मध्ये हबल दुर्बिणीने वातावरणाच्या बाहेरून तेही टिपले. आक्षेप घेणाऱ्यांनी हे पट्टे दाखवा म्हणून धरलेला आग्रह योग्यच होता. त्याशिवाय ही ओळख इतकी पक्की झाली नसती.

ज्ञात पट्टे पाचशेहून अधिक आहेत आणि या आयनाच्या वाट्याला त्यातले मोजकेच येतात. ४४३ नॅनोमीटरजवळचा सुमारे दोन नॅनोमीटर रुंदीचा ठळक पट्टा कोणत्या रेणूचा, याचं सर्वमान्य उत्तर अजून नाही.