कानातली शिट्टी आणि कानाचं मशीन : पार्श्वभूमी

वागळे इस्टेटमध्ये किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यात पॉवर प्रेसजवळ वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाचा ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, बहुतेक वेळा 4000 हर्ट्झच्या आसपास खचलेला असतो. आठ तासांच्या पाळीला 90 डेसिबलची मर्यादा कायद्यात आहे, पण इअरप्लग खिशातच राहतात. कानातली शिट्टी (टिनिटस), म्हणजे बाहेर आवाज नसताना कानात ऐकू येणारा आवाज, हीही अनेकदा त्याच उंच पट्टीत वाजते.

ऐकू कमी येणाऱ्यांची ही शिट्टी श्रवणयंत्राने हलकी होते, हे 1947 मध्येच वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. तेव्हाची यंत्रं उंच पट्टीपर्यंत नीट पोचत नसत, त्यामुळे ती कल्पना मागे पडली. 1970च्या दशकात मास्कर, म्हणजे कानात सतत आवाज सोडणारी यंत्रं, आले. त्यांचा उद्देश शिट्टी पूर्ण झाकण्याचा होता. 1990 मध्ये वेगळा विचार पुढे आला, की शिट्टी झाकू नये, मेंदूला तिची सवय लावावी. त्यासाठी बाहेरचा आवाज शिट्टीपेक्षा थोडा खालीच ठेवायचा, कारण जे ऐकूच येत नाही त्याची सवय लागत नाही. गेल्या पंचवीसेक वर्षांत उघडा डोम (कान बंद न करणारी मऊ टोपी) आणि डिजिटल फीडबॅक नियंत्रण (मशीनचीच शिट्टी वाजू न देणारी सोय) आलं, आणि कान बंद न करता उंच पट्टी वाढवणं जमू लागलं. खरा फरक इथे पडला.

वाद आहे तो शिट्टीसाठी मशीनमध्येच दिलेल्या सरसर आवाजाच्या प्रोग्रॅमवर. दुकानात तो हमखास पुढे केला जातो. 2018च्या मोठ्या पुरावा-आढाव्यात नुसतं मशीन, नुसतं आवाज सोडणारं यंत्र आणि दोन्ही एकत्र यांची तुलना झाली. त्रास तिन्हींत कमी झाला, पण एक प्रकार दुसऱ्यापेक्षा सरस ठरला नाही. 2020च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांनुसार, बोलणं समजण्यात अडचण असेल तर मशीन द्यावं. श्रवणदोष आहे पण अडचण नाही, तर विचार करावा. श्रवणदोषच नसेल तर देऊ नये. केवळ त्या प्रोग्रॅमसाठी महागडं मॉडेल घ्यावं, इतका हा पुरावा भक्कम नाही. आधी ॲम्प्लिफिकेशन, म्हणजे आवाज वाढवणं, नीट बसवावं, गरज उरलीच तर प्रोग्रॅम सुरू करावा.

नीट बसवणं म्हणजे कानात बारीक नळी घालून रिअल-इअर मोजणी करणं, म्हणजे मशीनचा आवाज प्रत्यक्ष कानात किती पोचतो ते मोजणं. कंपनीच्या ‘फर्स्ट फिट’मध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने आपोआप दिलेल्या पहिल्या सेटिंगमध्ये, उंच पट्टी अनेकदा कमी पडते, आणि शिट्टी नेमकी तिथेच असते. शिवाय शांत खोलीतले बारीक आवाज दाबणारी सोय, म्हणजे एक्स्पान्शन, कमी करावी लागते. पंखा, फ्रिज, बाहेरची रहदारी कानावर आली तरच शिट्टी मागे पडते. नॉइज रिडक्शन (गोंगाट दाबणारी सोय) कडक ठेवलं की शब्द सुसह्य होतात, पण हा आधार जातो. त्यामुळे गोंगाटासाठी वेगळा प्रोग्रॅम द्यावा. मोठे आवाज टोचू नयेत म्हणून कमाल आउटपुट तपासावं, नाहीतर माणूस मशीन डब्यात ठेवून देतो.

शिट्टी एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यासारखी धडधडत असेल किंवा ऐकू येणं अचानक गेलं असेल, तर मशीनच्या आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं. अचानक गेलं असेल तर त्याच दिवशी.

मशीन दिवसभर घालावं लागतं. रात्री ते काढल्यावर शिट्टी परत जाणवते, तेव्हा पंख्याचा किंवा पावसाच्या रेकॉर्डिंगचा मंद आवाज उशाशी ठेवावा. पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत रिसीव्हरमध्ये (मशीनच्या छोट्या स्पीकरमध्ये) ओल धरते आणि कानातला मळ अडवणारी जाळी बुजते. ‘मशीनचा गुण गेला’ म्हणत आलेल्या माणसाची सेटिंग बदलण्याआधी ती जाळी बदलून पाहावी.