मुलांचे वाचन ऐकणारे यंत्र कशावर शिकते?

तिसरीतली मुलगी मोठ्याने धडा वाचते आणि समोरचा मोबाइल ते ऐकून ती कोणत्या शब्दाशी अडखळली हे सांगतो, अशी साधने आता प्रत्यक्षात आली आहेत. त्यांमागच्या अनेक संगणकीय प्रणाली खुल्या आहेत. अडते ते दुसरीकडेच. मुलांच्या पातळीचा मराठी मजकूर, त्याचे मुलांनी केलेले वाचन आणि त्या वाचनातल्या चुकांच्या नोंदी या तीन गोष्टी यंत्राला एकत्र लागतात, आणि सर्वांना वापरता येईल अशा सामायिक साठ्यात त्या क्वचितच सापडतात.

त्यातल्या त्यात मजकुराची स्थिती बरी आहे. ‘प्रथम बुक्स’ या बालपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतल्या बालकथा चार वाचनपातळ्यांत मिळतात आणि मूळ लेखक-चित्रकारांना श्रेय दिले की त्या कोणालाही घेता, बदलता, अनुवादित करता येतात. विनामूल्य आणि खुले यांतला फरक येथेच कळतो. अनेक पुस्तके संकेतस्थळांवरून फुकट उतरवून घेता येतात, परंतु हक्क राखीव असल्यामुळे त्यांवर नवे साधन उभारण्याची मुभा आपोआप मिळत नाही. आपल्या १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी प्रताधिकार संपतो. १९५० साली निवर्तलेल्या साने गुरुजींनी लिहिलेले साहित्य म्हणूनच २०११ पासून सर्वांचे झाले.

हक्क सुटले तरी अक्षरे सुटतातच असे नाही. जुनी पुस्तके बहुधा पानांच्या छायाचित्रांच्या रूपात असतात, आणि युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामायिक संगणकीय संकेतपद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसला तरी यंत्राला तो निरर्थक चिन्हांचा ढीग वाटतो. छायाचित्रावरून अक्षरे ओळखणारी प्रणाली मुख्यतः हिंदी छपाईवर घडलेली असेल, तर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक तिच्या हातून सहज निसटतो, कारण हिंदीच्या लेखनात हा दुसऱ्या प्रकारचा रफार नाहीच.

आवाजाचा प्रश्न याहून अवघड आहे. ‘फायरफॉक्स’ ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘कॉमन व्हॉइस’ या आवाजांच्या लोकसहभागी संग्रहात मराठी आहे आणि मद्रास आयआयटीतील ‘एआय४भारत’ हा गटही भारतीय भाषांसाठी असे साठे खुले करतो. परंतु मोठ्यांच्या आवाजावर शिकलेले यंत्र लहानांकडून चुकीचे ऐकते. मुलांचा स्वरमार्ग आखूड असल्याने त्यांच्या आवाजातली कंपने वरच्या पट्टीत जातात; शिवाय नवशिके मूल ‘ख… खळ… खळखळ’ असे तुकडे जोडत शब्दापाशी पोहोचते, आणि मोठी माणसे असे वाचत नाहीत. त्यात मराठीचे स्वतःचे पेच आहेत. ‘जग’ हा शब्द दुनियेसाठी वाचताना ‘ज’ एक, पाण्याच्या भांड्यासाठी वाचताना दुसरा. लेखनात मात्र दोन्ही सारखेच.

मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात त्या चुकांच्या नोंदी. वऱ्हाडातल्या मुलाने ‘पाणी’चे ‘पानी’ वाचले, तर ती वाचनातली चूक की घरची बोली? केवळ प्रमाण उच्चारावर शिकलेले यंत्र तेथे लाल खूण करील, आणि नीट वाचणाऱ्या, अर्थही कळलेल्या मुलाला ते कमी गुण देईल. हा निवाडा त्या भागातल्या शिक्षकांनीच करावा. एकच ध्वनिफीत दोन शिक्षकांनी स्वतंत्रपणे तपासावी आणि त्यांचे मत जुळले नाही तर तो मतभेदही पुसून न टाकता साठ्यात ठेवावा, कारण यंत्राने कोठे ठामपणे बोलू नये हे त्यातूनच कळते.

कथांसारखे मुलांचे आवाज मात्र सर्वांपुढे मोकळे ठेवता येणार नाहीत, ठेवूही नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती घेण्याची तरतूद आहे. नाव आणि गाव काढून टाकले तरी आवाजावरून मूल ओळखू येऊ शकते. तेव्हा ध्वनिफिती संशोधकांना अटींवर द्याव्यात. वाचनाचे उतारे आणि चुका नोंदवण्याची रीत मात्र पूर्णपणे खुली असावी.

ही रीत शून्यातून घडवावी लागणार नाही. कोणते मूल जोडाक्षरापाशी थांबते, कोणाचा ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ होतो, कोण ओळीचा शेवट अंदाजाने म्हणून टाकते, हे वर्गशिक्षकांना ठाऊक असते आणि पुष्कळ जण ते वहीत टिपूनही ठेवतात. वर्ष संपले की ती वही कपाटात जाते.