हार्डनर वाढवला म्हणून इपॉक्सी लवकर सुकत नाही

उन्हाळ्याच्या तोंडावर कूलरच्या फुटक्या टाकीला फायबर मारणाऱ्या कारागिराचा एक ठाम हिशेब असतो: घाई असेल तर हार्डनरचे चार थेंब जास्त. त्याच्या पॉलिएस्टर रेझिनला तो बऱ्यापैकी लागूही पडतो, कारण तिथे ते थेंब फक्त रेणू जोडण्याची साखळी सुरू करून देतात. इपॉक्सी हे रेझिन आणि हार्डनर ठरल्या प्रमाणात मिसळून घट्ट होणारं दुसरं रेझिन. त्याला हाच हिशेब लावला की काम चिकट राहतं, कायमचं.

इपॉक्सीशिवाय इलाज नाही असं एक काम म्हणजे थर्माकोलचा तराफा. भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत जाळं टाकायला किंवा शिंगाडे काढायला तो कामी येतो. थर्माकोलवर काचकापड आणि वर रेझिन. समुद्रावरचा सर्फबोर्डही असाच बनतो, फक्त जरा निमुळता. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, त्यामुळे ठोकळा डोळ्यांदेखत विरघळून खड्डा पडतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं.

मुळात इपॉक्सी ‘सुकत’ नाही. त्यातून पाण्यासारखं काही उडून जात नाही. रेझिनच्या रेणूच्या दोन्ही टोकांना दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांची त्रिकोणी कडी असते. कार्बनचे बंध एरवी १०९ अंशांच्या आसपास ऐसपैस बसतात, इथे ते ६० अंशांत कोंबलेले. वाकवून बांधलेला बांबूच म्हणा. हार्डनरमधला नायट्रोजन कार्बनला जोडला गेला की कडी उघडते आणि ताण उष्णता होऊन बाहेर पडतो, एका मोलमागे साधारण १०० किलोज्यूल. उघडलेल्या ऑक्सिजनचा हायड्रॉक्सिल गट पुढच्या कड्या उघडायला मदत करतो. म्हणजे उष्णता वेग वाढवते, वेग उष्णता वाढवतो. नायट्रोजनवरच्या प्रत्येक हायड्रोजनला एक कडी, असा हा जोडीचा मामला आहे. हार्डनर जास्त झाला तर उरलेले रेणू बिनजोडीचे लोंबकळत राहतात. चिकटपणा तिथून येतो.

म्हणून वजनकाटा हवाच. डब्यावर २:१ ‘मापाने’ लिहिलं असेल तर वजनाने ते २:१ नसतं, कारण हार्डनर हलका असतो. १०० ग्रॅम रेझिनला तो साधारण ४२-४३ ग्रॅम येतो. नेमका आकडा कंपनीच्या पत्रकात पाहावा.

उष्णतेचं दुसरं टोक आपल्या मे महिन्यात. मिसळल्यावर वापरून संपवायची डब्यावरची ३० मिनिटांची मुदत २५ अंशांची असते. दर १० अंशांना वेग साधारण दुप्पट होतो, म्हणजे ४५ अंशांत सात-आठ मिनिटं. तीनशे ग्रॅम मिश्रण खोल डब्यात ठेवलं तर धूर निघून डबाच वितळतो. पसरट ट्रेमध्ये ओतलं की उष्णता बाहेर पडते. हार्डनर ‘स्लो’च घ्यावा.

(तांब्याची तार आणि रंगीत खडे रेझिनमध्ये ओतून ‘ऊर्जा पिरॅमिड’ विकणारेही आहेत. त्यात असलेली ऊर्जा ओतलेल्या दिवशीच गरम होऊन निघून गेलेली असते.)

दोन मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद ठोकळ्याला कडांसकट तीन चौरस मीटर कापड लागतं. चौरस मीटरला २०० ग्रॅमचं विणलेलं कापड घ्या. कूलरवाल्याची मॅट नको, तिचा बांधणारा डिंक स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. कापड ६०० ग्रॅम झालं, त्यात तेवढंच रेझिन मुरतं. आधीचा लेप आणि वरचा थर धरून दीड किलो.

काम सकाळी सुरू करू नका. चार्ल्सचा नियम आठवा: ऊन चढेल तशी थर्माकोलमधली हवा फुगते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढते. संध्याकाळी पाचनंतर लावलं की हवा आकसते आणि रेझिन आत ओढलं जातं.

पावसाळ्यात वेगळीच अडचण. दमट हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड हार्डनरशी जुळून मेणासारखा थर येतो. तो साध्या पाण्याने घासून धुवा, मगच पॉलिश पेपर. नाहीतर पुढचा थर सुटून येतो. हातात नायट्रिलचे मोजे घाला. हार्डनरची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. हाताला लागलंच तर साबण, थिनर नाही.

शेवटी रंग पांढराच द्या. उन्हाने इपॉक्सी पिवळं पडतं, आणि साध्या तापमानाला घट्ट झालेलं बहुतेक इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतं. काळ्या रंगाचा तराफा मेच्या दुपारी पाळीवर उलटा ठेवला तर तेवढा सहज तापतो.