घास अडकतो आणि संशय दुधावर जातो

जेवताना प्रत्येक घासामागे पाणी पिणाऱ्याला आपल्याकडे बोलणी ठरलेली: जेवताना इतकं पाणी पिऊ नये, पचन बिघडतं. इंदूरच्या रामबागेतल्या आजी असोत नाहीतर राजवाड्याजवळच्या काकू, सल्ला तोच. पण काहींचा घास पाण्याशिवाय खाली उतरतच नाही. पोळी वरणात कुस्करून खायची, पंगतीत सगळ्यांत शेवटी उठायचं, मोठी गोळी टाळायची... सवयी इतक्या जुन्या की हा आजार असेल अशी शंकाही येत नाही. मग एखाद्या लग्नात बाफल्याचा (गव्हाच्या उकडून भाजलेल्या गोळ्याचा) कोरडा तुकडा छातीत असा अडकतो की थुंकीही गिळवत नाही. तोंडावाटे दुर्बीण (एंडोस्कोप) घालून तो काढायला लागतो आणि त्या निमित्ताने नाव कळतं: इओसिनोफिलिक इसोफेजायटिस, म्हणजे अन्ननलिकेचा ॲलर्जीजन्य दाह.

इओसिनोफिल ही पांढऱ्या रक्तपेशींची एक जात. इओसिन या रंगद्रव्याने त्या लालसर रंगतात, म्हणून हे नाव. ते दिलं पॉल एर्लिख यांनी, १८७९ मध्ये. जठरात आणि आतड्यांत या पेशी थोड्याफार असतातच, निरोगी अन्ननलिकेत मात्र सहसा नसतात. तिथल्या अस्तराचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाच्या जास्त शक्तीच्या भिंगाखाली पाहिल्यावर एका दृश्यक्षेत्रात त्या १५ किंवा जास्त दिसल्या आणि त्रासही जुळला, तर निदानाकडे बोट जातं. पेशी सगळीकडे सारख्या पसरलेल्या नसल्याने तुकडे अनेक जागांहून घ्यावे लागतात. दाह वर्षानुवर्षं चालू राहिला की भिंत कडक होते, आत कडी उमटतात आणि नळी अरुंद होते. ‘ॲसिडिटी आहे, होईल बरी’ म्हणत गेलेली वर्षं इथे महागात पडतात.

१९९० च्या दशकापर्यंत डॉक्टरही याला आम्लाचाच त्रास समजत. १९९५ साली अमेरिकेत अशा १० मुलांचं नेहमीचं जेवण बंद करून त्यांना फक्त अमिनो आम्लांचं द्रव अन्न दिलं, म्हणजे ज्यात अख्खं प्रथिन नाहीच असं. आठ जणांचा त्रास गेला, दोघांचा कमी झाला. पुन्हा नेहमीचं अन्न सुरू होताच त्रास परतला. कारण अन्नातल्या प्रथिनात होतं.

पण कुठल्या? शेंगदाणा खाल्ल्यावर काही मिनिटांत ओठ सुजवणारी ॲलर्जी वेगळ्या वाटेने जाते. ही सावकाश चालते, म्हणून त्वचेवर टोचून किंवा रक्त तपासून केलेल्या चाचण्या इथे फारशा उपयोगी पडत नाहीत. महागड्या ‘फूड ॲलर्जी पॅनल’वर विसंबून निम्मं स्वयंपाकघर बंद करणाऱ्यांची मला खरोखर कीव येते. उरतो एकच मार्ग: पदार्थ सोडायचा आणि पुन्हा दुर्बिणीतून बघायचं.

पूर्वी एकदम सहा गट सोडायला सांगत: दूध, गहू, अंडी, सोया, शेंगदाण्यासह सुकामेवा आणि मासे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात १२९ प्रौढांची विभागणी केली. काहींनी सहाही गट सोडले, काहींनी फक्त दूध. सहा आठवड्यांनी पहिल्या गटात ४० टक्के, दुसऱ्यात ३४ टक्के लोकांच्या पेशी आटोक्यात आल्या, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. म्हणून आधी दूधच सोडून बघणं शहाणपणाचं.

बोलायला सोपं, पण हे इंदूर आहे. आपली शिकंजी लिंबाची नव्हे, आटवलेल्या दुधाची. भुट्ट्याच्या किसात दूध, सराफ्यात रबडी, आणि चहा तर धरलाच नाही. बकरीचं किंवा म्हशीचं दूध चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. प्रथिनं इतकी सारखी की चालत नाही. लॅक्टोजविरहित दुधाचाही उपयोग नाही, कारण भांडण साखरेशी नाहीच. साजूक तुपातही प्रथिनाचा अंश राहू शकतो, तेव्हा चाचणीच्या काळात तेच तेलावर भागवावं.

गहू सोडायची वेळ आली तर पोळी आणि जिलबी लक्षात राहतात, हिंग राहत नाही. डबीतल्या बांधानी (पीठ मिसळलेल्या) हिंगात बहुधा मैदा असतो, आणि हिंग पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावन मसाल्यातही सापडतो. पोहे स्वतः मात्र तांदळाचे, ते चालतात. सोयाबीनच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या या शहरात सोयातेलाची धास्ती सहज वाटेल. रिफाइंड तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, त्यामुळे ते बहुतेकदा चालतं.

‘आता बरं वाटतंय’ हा पुरावा धरू नये. त्रास कमी होऊनही दाह तसाच असू शकतो, आणि उलटही. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तुकडा तपासल्यावरच निकाल लागतो. अनेक पदार्थ सोडले असतील तर ते एकेक करून परत आणायचे, दर वेळी तपासणी. हे झेपत नसेल तर आम्ल कमी करणारी गोळी जवळपास निम्म्या लोकांना लागू पडते. काहींना दम्याचं स्टेरॉइड औषध फुफ्फुसात न ओढता गिळायला देतात. मुलांच्या बाबतीत आहारतज्ज्ञाशिवाय हा घाट घालू नये. दूध बंद झालं की कॅल्शियम आणि प्रथिनं कुठून मिळतील, याचा हिशेब आधी मांडावा लागतो, आणि वजन-उंची दर भेटीत मोजावी लागते.