किमुरा, जिरोएमोन

किमुरा, जिरोएमोन : (१९ एप्रिल १८९७ – १२ जून २०१३). वयाचा कागदोपत्री पुरावा असलेल्या पुरुषांमध्ये आजवर सर्वांत दीर्घायुषी ठरलेले जपानी गृहस्थ. मृत्युसमयी वय ११६ वर्षे ५४ दिवस. जपानी समुद्राकाठी, क्योतो प्रांताच्या उत्तर टोकाला असलेल्या आजच्या क्योतांगो परिसरातील एका खेड्यात, शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला.

जन्मनाव किंजिरो मियाके. पत्नीच्या माहेरी वारस मुलगा नव्हता, म्हणून लग्नानंतर त्यांनी त्या घराचे आडनाव घेतले आणि घराण्यात चालत आलेले ‘जिरोएमोन’ हे नावही. हे नाव धारण करणारे ते नववे. आपल्याकडचा घरजावई सासरी राहतो, पण नाव आपलेच ठेवतो. जपानी प्रथा त्यापुढे जाते.

शाळा संपताच ते टपाल कार्यालयात लागले. सुमारे ४५ वर्षांच्या सेवेनंतर १९६२ मध्ये, पासष्टीत निवृत्त झाले आणि मग नव्वदीपर्यंत शेतीत राबले. त्यांची निवृत्तीच अर्धशतकाहून अधिक काळ चालली, नोकरीपेक्षा लांब.

खाण्याचा त्यांचा नियम साधा होता : दिवसातून तीनदा जेवायचे, पण थोडे. ‘पोटाचे दहातले आठ भाग भरावेत’ ही जपानमधील जुनी शिकवण, आणि ‘कमी खा, दीर्घ जग’ हे त्यांचे स्वतःचे सांगणे. धूम्रपान नव्हते. सकाळी लवकर उठणे, भिंग धरून वर्तमानपत्र वाचणे, दूरचित्रवाणीवर सुमो कुस्ती आणि संसदेतील चर्चा पाहणे हे अगदी उतारवयातही चालू होते. तरी सगळे श्रेय मिताहाराला देणे घाईचे होईल. त्यांची चार भावंडेही नव्वदीपलीकडे जगली. स्वतः किमुरांना कारण विचारले, तर ते सूर्याचे नाव घेत : आपण नेहमी वर आकाशाकडे पाहत असतो, म्हणून असेल.

एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेचे वॉल्टर ब्रूनिंग वारल्यावर ते जगातील सर्वांत वृद्ध पुरुष आणि १७ डिसेंबर २०१२ रोजी सर्वांत वृद्ध व्यक्ती ठरले. त्याच महिन्याच्या २८ तारखेला त्यांनी तोवरचे सर्वांत दीर्घायुषी पुरुष ख्रिस्तियन मॉर्टेन्सन यांचा ११५ वर्षे २५२ दिवसांचा विक्रम ओलांडला. मेइजी, ताइशो, शोवा आणि हेइसेइ अशा चार राजवटी त्यांनी पाहिल्या. न्यूमोनियाने रुग्णालयात असताना ते वारले, तेव्हा एकोणिसाव्या शतकात जन्मलेला, ज्ञात असलेला अखेरचा पुरुष गेला.

मॉर्टेन्सन यांचा विक्रम ग्राह्य धरला जाण्याआधी सर्वांत दीर्घायुषी पुरुषाचा मान जपानच्याच शिगेचियो इझुमी यांच्याकडे होता. तोकुनोशिमा बेटावरचे हे गृहस्थ १९८६ मध्ये १२० व्या वर्षी वारले, असे जागतिक विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या गिनीजने नोंदवले होते. काळ्या साखरेची दारू त्यांना प्रिय, म्हणजे किमुरांच्या शिस्तीला पुरते छेद देणारे उदाहरण. पुढे संशय आला, की जन्मनोंद बालपणीच वारलेल्या थोरल्या भावाची असावी आणि तेच नाव धाकट्याला दिले गेले असावे. इझुमींचा दावा त्यामुळे बाजूला पडला. किमुरांनी तर नाव आणि आडनाव दोन्ही बदलले होते, पण त्यांची नोंद टिकली.