मगर कोट्यवधी वर्षांत बदललीच नाही?

"कृष्णेतली मगर डायनासोरच्या काळापासून जशीच्या तशी आहे" असा मेसेज सांगलीकडे फिरत असतो. औदुंबर-भिलवडीच्या काठावर ऊन खात पडलेली मगर पाहिली की ते पटतंही.

पण जीवाश्म वेगळं सांगतात. मादागास्करमधला, सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वीचा सायमोसुकस हा मगरींच्याच कुळातला प्राणी जमिनीवर राहायचा: बोथट तोंड, पानासारखे दात, बहुधा शाकाहारी. त्याच कुळातला मेट्रिओऱ्हिंकस तर समुद्रातला. पायांची वल्ही झालेली, शेपटीला माशासारखा पर.

लांब जबडा या कुळाच्या वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे आला, म्हणून वर्गीकरण करताना नुसत्या आकारावर जाता येत नाही. कवटी उलटी करून टाळूत नाकाची आतली भोकं कुठे उघडतात ते बघतात. जुन्या शाखांत ती बरीच पुढे, आजच्या मगरींत पार मागे, घशाजवळ. जुनी आणि आजची, अशा दोन्ही कवट्यांचे खालून काढलेले फोटो शेजारी ठेवून बघा, फरक डोळ्यांना दिसतो.