क्लिपलेस पेडल व सायकलिंगचे बूट

क्लिपलेस पेडल म्हणजे बुटाच्या तळव्याला बोल्टने बसवलेला ‘क्लीट’ नावाचा तुकडा स्प्रिंगच्या पकडीत अडकवून पाऊल जागेवर धरून ठेवणारे सायकलचे पेडल होय. नाव मात्र फसवे आहे. पूर्वी शर्यतीच्या सायकलींना चवड्यापुढे धातूचा पिंजरा आणि त्यावर चामडी पट्टा असे. त्या पिंजऱ्याला टो-क्लिप म्हणत. तो गेला म्हणून हे पेडल ‘क्लिपलेस’, आणि तरीही त्यात पाय अडकवण्याला सायकलस्वार ‘क्लिप इन करणे’ असेच म्हणतात. स्कीच्या पकडी बनवणाऱ्या लूक या फ्रेंच कंपनीने १९८४ मध्ये असे पेडल बाजारात आणले आणि पुढच्याच वर्षी फ्रेंच सायकलपटू बर्नार इनो यांनी ते वापरून टूर द फ्रान्स जिंकल्यावर पट्ट्यांचे दिवस भरले. शिमानो या जपानी कंपनीने १९९० मध्ये आणलेल्या एसपीडी या दोन बोल्टच्या पद्धतीत क्लीट लहान, धातूचा आणि तळव्याच्या खाचेत दडलेला असतो, त्यामुळे बूट न काढता चालता येते.

आजही निवड मुख्यतः या दोन घराण्यांतच करायची असते. लूकच्या वळणाचा, तीन बोल्टचा मोठा प्लास्टिकचा क्लीट चवड्याखालचा दाब रुंद जागेवर पसरवतो, पण तो तळव्याच्या बाहेर डोकावतो. भल्या सकाळी नागपुरातल्या फुटाळा किंवा अंबाझरी तलावाची फेरी आटोपून तर्री-पोह्यांच्या टपरीकडे वळणारा स्वार गुळगुळीत फरशीवर टाचा टेकवत, बोटे वर उचलून खटखट चालताना दिसला, की त्याच्या बुटाला तीन बोल्टचा क्लीट आहे हे पायाकडे न पाहताही कळते. नागपूरच्या सिमेंट रस्त्यांवर असे चालणे क्लीटला कानशीने घासण्यासारखेच आहे. दर सिग्नलला पाय टेकवावा लागणाऱ्या शहरी स्वाराने आणि रामटेकपर्यंत जाऊन गडाच्या पायऱ्याही चढू पाहणाऱ्याने दोन बोल्टची पद्धत घ्यावी, हे बरे.

सोय पेडलपेक्षा बुटावर जास्त अवलंबून असते. खरेदी मात्र बहुतेकदा उलट क्रमाने होते. आधी पेडलवर पैसा खर्च होतो आणि उरलेल्या पैशांत बसेल तो बूट घेतला जातो. सायकलिंगच्या बुटाचा तळवा मुद्दाम ताठ ठेवलेला असतो, म्हणजे पेडलचा दाब एका बिंदूवर न येता पावलाभर वाटला जातो. बूट आखूड नसून अरुंद असला तरी चवड्याची हाडे दोन्ही बाजूंनी आवळली जातात, त्यांच्यामधल्या नसा दबतात आणि तास-दीड तासाने बोटे बधिर होतात किंवा चवड्याची आग होऊ लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की नऊ वाजताच रस्ता तापतो, पाय सुजतात आणि सकाळी सहाला नेमका बसणारा बूट परतताना चावू लागतो. म्हणून बूट संध्याकाळी, सायकल चालवताना घालायचे तेच मोजे घालून पाहावा. टाच उचलली जाऊ नये, बोटे मात्र आत मोकळी हलावीत. लांबीचा एक नंबर वाढवून रुंदीची उणीव भरून काढण्याचा सल्ला दुकानांत मिळतो. तो घेऊ नये, कारण त्यात टाच ढिली पडते आणि क्लीटही चुकीच्या जागी जातो. त्याऐवजी रुंद साच्याचा बूट शोधावा.

क्लीट बसवताना अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाशी असलेले हाडाचे उंचवटे बुटावरून चाचपून खडूने खुणा कराव्यात. पेडलचा आस या दोन खुणांच्या दरम्यान यावा. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेसारख्या (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी), साडेतेरा तासांची मुदत असणाऱ्या पल्ल्यासाठी क्लीट थोडा टाचेकडे सरकवला तर पोटऱ्यांवरचा ताण कमी होतो. कोन ठरवण्यासाठी टेबलावर पाय लोंबकळत ठेवून बसावे आणि पावले आपसूक जेवढी बाहेर वळतात तेवढीच वळू द्यावीत. जबरदस्तीने सरळ केलेल्या पावलाची किंमत गुडघा मोजतो.

अडकलेल्या पावलाला टाच डावी-उजवीकडे हलवण्याची जी मुभा असते, तिला फ्लोट म्हणतात. शिमानोच्या तीन बोल्टच्या क्लीटमध्ये पिवळ्याला ६, निळ्याला २ आणि लालला ० अंश फ्लोट असतो. लूकच्या ‘केओ’ क्लीटमध्ये मात्र लालला ९, करड्याला ४.५ आणि काळ्याला ० अंश असतो. म्हणजे एकाचा लाल सर्वांत जखडलेला, तर दुसऱ्याचा सर्वांत सैल. हे दोन क्लीट दिसायला सारखे असले तरी एकमेकांच्या पेडलमध्ये चालत नाहीत. नवख्याने जास्त फ्लोट घ्यावा आणि पकडीचा स्क्रू पूर्ण ढिला ठेवूनच सुरुवात करावी. टाच बाहेर वळवली की पाय सुटतो. हे भिंतीला धरून वीस-तीस वेळा केल्याशिवाय वर्धा रोडच्या गर्दीत उतरू नये. पहिली पडझड वेगात नव्हे, तर सिग्नलला थांबताना, उभ्याउभ्या होते.

पावसाळ्यात रस्ता सोडून दोन पावले शेताकडे गेले तरी विदर्भाची काळी माती क्लीटच्या खाचेत गच्च बसते आणि पेडल पकड घेत नाही. ती वाळण्याआधी काडीने उकरावी. ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून तो सावलीत वाळवावा. पेडल बदलताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे ध्यानात ठेवावे. नव्या पेडल-बुटाची जाडी जुन्यापेक्षा वेगळी असेल, तर सीटची उंचीही तितक्याच मिलिमीटरने बदलावी लागते.